सोन्याच्या नोटांची वाटणी

शनिवारी मॅन्टी गावच्या वकिलाने वडिलांचं, म्हणजे थेनचं, पत्र वाचून दाखवलं, आणि तेव्हापासून जॉर्गन्सनांची भावंडं एकमेकांशी फार गोड बोलू लागली. त्यांच्यातल्याच नोरीनला त्याची धास्तीच वाटली. भांडणारी भावंडं तिने जन्मभर पाहिली होती, त्यांची तिला सवय होती. 'आधी तू बस', 'छे, आधी तू' म्हणणारी भावंडं तिने फक्त मयताच्या दिवशी पाहिली होती, आणि त्यालाही आता पाच महिने होऊन गेले होते.

पत्र चार ओळींचं होतं. थेनने जिवंतपणी शब्द जितके जपून खर्च केले, तितकेच मेल्यावरही. घर आणि शेत बायको आर्डेथ आहे तोवर तिचं. टर्की पक्ष्यांच्या शेडचं काय ते चौघांनी मिळून ठरवावं. आणि शेवटची ओळ अशी: 'सोन्याच्या नोटा आर्डेथजवळ आहेत. तिने जशा वाटल्या असतील, तेच माझं वाटप समजावं.'

त्या नोटा सगळ्यांना माहीत होत्या. प्लॅस्टिकच्या दोन पातळ पापुद्र्यांत खऱ्या सोन्याचा थर, आणि प्रत्येकीवर एकेका सद्गुणाची बाई: सत्य, न्याय, धीर, काटकसर. खोऱ्यातला पेंडवाला त्या घ्यायचा, मधवाला घ्यायचा, शेजारच्या एफ्राइम गावचा न्हावीसुद्धा घ्यायचा. पण थेनने आयुष्यात एकही मोडली नाही. त्याच्याकडच्या पहिल्या छपाईच्या होत्या, खालच्या आकड्यांच्या, आणि असल्या नोटांना जमवणारे लोक सोन्याच्या भावापेक्षा कितीतरी जास्त मोजतात म्हणे. लग्नातले पांढरे हातमोजे घालून तो त्यांना हात लावायचा. "कठीण काळ येईल तेव्हा डॉलर चुलीत घालायच्या लायकीचे राहतील," असं म्हणून तो डबा तळघरात गव्हाच्या पिंपांमागे ठेवायचा. तळघरात वीस वर्षांचे घेवडे होते, मीठ होतं, मेणबत्त्या होत्या. कठीण काळाची एवढी जय्यत तयारी असलेलं घर साऱ्या खोऱ्यात दुसरं नव्हतं. काळच तेवढा यायचा राहिला होता.

शनिवारी दुपारी थोरला डीलॉय घर तापवायची भट्टी बघून येतो म्हणून तळघरात गेला. बहीण मार्ने पीचची बरणी आणते म्हणून गेली. दोघं गव्हाच्या पिंपांमागे समोरासमोर आली, दोघांच्याही हातात विजेरी. डबा मिळाला. आत हातमोजे होते, नीट घडी घातलेले. नोटा नव्हत्या.

म्हणजे आईने वाटल्या होत्या. पण कुणाला?

मार्नेचा संशय केंडलवर होता. शेंडेफळ, चर्च सोडून बसलेला, त्यात घटस्फोटाचा खर्च, आणि बॉइसीहून रोज संध्याकाळी आईला फोन. "एवढा उमाळा फुकट येत नाही कुणाला," हे ती नोरीनच्या कानात भांडी पुसता पुसता सांगून गेली. केंडलचा संशय मार्नेवर होता, कारण तिने सुगंधी तेलांच्या साखळी-विक्रीत पैसे घातले होते आणि तिच्या गॅरेजात गाडी सोडून बाकी सगळं मावत होतं, म्हणजे पुदिन्याच्या तेलाची खोकी. डीलॉयचा संशय नोरीनवर होता. तो तसं बोलला नाही. तो फक्त म्हणाला, की घरात कायम राहणाऱ्या माणसावर जबाबदारी मोठी असते, आणि जबाबदारी शब्दाशी जरा थांबला. डीलॉय सेंट जॉर्जला दातांचा डॉक्टर होता आणि तिथल्या बिशपचा उजवा हात. दर आठवड्याला तो नोरीनला फोन करून आईच्या गोळ्या, आईचं मीठ, आईचे सांधे यांबद्दल सूचना द्यायचा. साडेतीन तासांच्या अंतरावरून उंटावर बसून शेळ्या हाकायच्या, तर हाकणाराही तसाच तयारीचा लागतो.

नोरीनचा कुणावरच संशय नव्हता. ती उपाशी होती.

महिन्याचा पहिला रविवार, उपासाचा. शनिवारच्या जेवणानंतर पोटात काही नाही, पाणीही नाही, आणि वाचलेल्या दोन जेवणांचे पैसे गरिबांना. घरातले सगळे हा उपास करत, केंडल सोडून. तो चर्चच्या आवारात गाडीत बसून कॉफी पीत होता आणि काच खाली ठेवत होता, म्हणजे वास सगळ्यांना मिळावा. आत डीलॉयने उभं राहून वडिलांच्या साधेपणाबद्दल साक्ष दिली. मार्ने रडली. नोरीनने डोळे मिटून एकच मागणं मागितलं, की आजचा दिवस घरात मोठा आवाज न होता जावा. तिचं मागणं नेहमी असंच लहान असे. मोठी मागणी मागून देवाला संकोचात कशाला टाका?

तीन वाजता जेवणं झाली. हॅम, पाव, गाजर घातलेली हिरवी जेली, आणि वर कॉर्नफ्लेक्स पेरलेले चीजमधले बटाटे, जे आमच्याकडे मयताला होतात आणि बारशालाही. आर्डेथने पहिलं ताट डीलॉयला वाढलं, दोन्ही हातांनी, आणि बटाट्याचा कुरकुरीत कोपरा त्याच्याकडे सारला. थोरल्याचा मान, असं म्हणून डीलॉयने मार्नेकडे पाहिलं. मार्नेने जेलीकडे पाहिलं.

मग बैठक बसली. डीलॉयने आधी प्रार्थना केली. आपल्यातल्या कुणाचं मन ऐहिक धनात गुंतलं असेल तर ते मोकळं कर, कुणी वाट सोडली असेल तर त्याला वळव, कुणाच्या हातून काही लपवलं गेलं असेल तर त्याला उघड करण्याचं बळ दे. सगळ्यांना आपापला घास बरोबर पोचला. आमेन झाल्यावर केंडल म्हणाला, "पत्ता टाकायचा राहिला बघ. देवाला कळायचं नाही कुठल्या केंडलबद्दल म्हणतोयस."

डीलॉयने ते ऐकलं नाही असं केलं आणि आईपुढे खुर्ची ओढली. आर्डेथ अठ्ठ्याऐंशीची. रविवारच्या निळ्या झग्यात, केस विंचरलेले. तिच्याशी बोलताना डीलॉय आवाज चढवायचा, जणू तिच्या कानात बिघाड होता.

"आई, बाबांच्या नोटा कुणाला दिल्यास?"

"सगळ्यांना दिल्या की," आर्डेथ म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली. मे लागला तरी डोंगरावर बर्फ होतं.

सगळ्यांना म्हणजे प्रत्येकाच्या मते दुसऱ्या तिघांना. गोडवा तिथे संपला. मार्नेने केंडलला त्याच्या नव्या गाडीबद्दल विचारलं. केंडलने ती भाड्याची असल्याचं सांगून तिच्या खोक्यांची चौकशी केली. डीलॉय म्हणाला की कुणी कुणावर बोट ठेवू नये, पण नोरीन, तू या घरात रोज असतेस. नोरीन म्हणाली, हो, असते. तिच्या बोलण्यात एवढंच असे, आणि त्यामुळे ती कायम दोषी वाटे.

आर्डेथला मोठे आवाज सोसत नसत. ती उठली आणि कपाटातून आपलं पुस्तक घेऊन आली.

आमच्याकडे अशी पुस्तकं घरोघरी असतात. फोटो, तारखा, रंगीत कागद, करवती कडांच्या कात्र्या. मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये बायका टेबलं जोडून बसतात आणि आपापल्या माणसांना पानांवर चिकटवतात. आर्डेथचं हे पुस्तक चार हिवाळ्यांचं. रोज सकाळी नोरीन धर्मग्रंथातला एक अध्याय मोठ्याने वाचे, दोघी पलंगाशी गुडघे टेकत, आणि मग हे पुस्तक निघे. आर्डेथ एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव घेई. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. नोरीनच्या लेखी ती आईची दुसरी प्रार्थना होती. ज्या दिवशी ही पानं उलटायची राहत, त्या दिवशी दुपारपर्यंत आर्डेथ अंगात कोट घालून दाराशी उभी राही आणि मला घरी कधी सोडणार असं विचारी. त्यामुळे जग इकडचं तिकडे झालं तरी नोरीन ते पुस्तक चुकवत नसे.

पुस्तकात नोरीनचं पान नव्हतं. डीलॉयची दोन, मार्नेची दोन, केंडलची दोन. मधल्या तिचं काहीच नाही. नवरा नाही, पोरं नाहीत, एवढी पानं भरायची कशाने, अशी तिने मनाची समजूत घातली होती. मत्सर दाटून आला की एक स्तोत्र पूर्ण म्हणायचं असा तिचा नेम होता. त्या चार हिवाळ्यांत तिची पुष्कळ स्तोत्रं पाठ झाली.

केंडल आईशेजारी बसून पानं बघू लागला. डीलॉयच्या पदवीच्या फोटोभोवती सोनेरी गव्हाच्या लोंब्या होत्या, बारीक कातरलेल्या, चकचकीत. केंडल वाकला. मग आणखी वाकला.

"डीलॉय," तो म्हणाला, "तुझ्या टायशेजारून एक बाई बघतेय."

लोंबीच्या एका दाण्यात खरोखरच डोळा होता. नाकाचा शेंडा, आणि पुढल्या दाण्यात एका आकड्याची शेपटी.

डीलॉयने चष्मा चढवला. त्याने नखाने लोंबीची कड हळूच उचलली, आणि त्याचा चेहरा रुग्णाच्या तोंडात अनपेक्षित काही दिसल्यासारखा झाला.  सत्य, न्याय, धीर, काटकसर, सगळ्या बायांची पानं, फुलं, चांदण्या आणि लोंब्या झाल्या होत्या. पांढऱ्या हातमोज्यांनी हाताळलेल्या पहिल्या छपाईच्या नोटा करवती कात्रीने कातरून डिंकाने चिकटवल्या होत्या.

"कुणी बघितलं नाही?" डीलॉयने नोरीनला विचारलं.

नोरीनने बघितलं होतं. तिला तो दुकानातला चकचकीत कागद वाटला होता. पन्नाशी उलटलेल्या बाईला सोनं ओळखता येत नाही, हे मार्नेने दोनदा बोलून दाखवलं. नोरीनच्या अंगावर सोनं कधी चढलंच नव्हतं, तर तिला ते ओळखू कसं यावं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आर्डेथ मान खाली घालून बसली होती. तिचा डोळा लागला असं सगळ्यांना वाटलं, आणि बैठक पुढे सरकली.

डीलॉय गाडीतून एक जाड पाकीट घेऊन आला. काढलेल्या दातांचं सोनं तो अशा पाकिटांतून गाळणाऱ्यांकडे पाठवायचा. त्याने शांतपणे समजावलं, की नोट म्हणून यांची किंमत संपली, आता फक्त आतला थर उरला. पानं पाठवायची, ते जाळतात, कागद जातो, प्लॅस्टिक जातं, सोनं राहतं. फार नाही मिळणार, पण डिंकात ठेवण्यापेक्षा बरं.

"पुस्तक जाळायचं?" नोरीन म्हणाली.

"पानं," डीलॉय म्हणाला. "पुठ्ठा राहील आईला."

मार्नेने तोडगा काढला, की आधी सगळ्या पानांचे फोटो काढू, छापून नवं पुस्तक बांधू, आईला फरक कळणारसुद्धा नाही. नोरीन म्हणाली, कळेल. रोज सकाळी ती त्याच पानांवर बोट ठेवते, ती पानं तिला हाताने ठाऊक आहेत, ती नेलीत तर आई मला दारात कोट घालून उभी मिळेल. एवढं लांब वाक्य नोरीनने या घरात आजवर बोललं नव्हतं.  मग केंडल म्हणाला की चौघांत समान वाटून घ्यायला त्याची हरकत नाही. त्याने नोरीनकडे पाहायचं टाळलं. मार्नेही म्हणाली, समान. शनिवारपासून ज्याला चोर म्हणत होती, त्याच्या खुर्चीशेजारी तिने आपली खुर्ची नेली.

तेवढ्यात डीलॉयने पानं एकदा उलटून पाहिली होती. त्याच्या दोन पानांवर लोंब्याच लोंब्या होत्या, मुलांच्या फोटोंनाही सोनेरी चौकटी. मार्नेच्या पानांवर त्याहून कमी, नुसती फुलं. केंडलच्या दोन्ही पानांवर मिळून दोन चांदण्या.

"बाबांचे शब्द विसरून चालणार नाही," तो सावकाश म्हणाला. "तिने जशा वाटल्या असतील, तेच वाटप. आईने वाटलंय. ज्याच्या पानावर जे आहे, ते त्याचं. मी मागितलं नाही. आईला आतून जे वाटलं, ते तिने केलं."

मार्नेने पुस्तक ओढून आपली फुलं मोजली आणि मग डीलॉयच्या लोंब्या. आकडा कळल्यावर तिचे डोळे भरले, आणि ते सोन्यासाठी नव्हतं, एवढं नोरीनला दिसलं. बाळंतपणाला आईला बोलावलं नाही, ते तिने मनात ठेवलं म्हणायचं, असं ती म्हणाली. केंडल हसला. वाट सोडलेल्याला दोन चांदण्या म्हणजे खूपच झाल्या, पुढल्या वेळी चर्चला जाऊन तिसरी मिळवतो, असं म्हणाला, आणि उठून खिडकीशी गेला. तिथे तो बराच वेळ पाठ करून उभा राहिला.

नोरीनने मोजलं नाही. तिला मोजायला काही नव्हतं. पण तिने पुस्तकावर हात ठेवला, दोन्ही तळवे, पसरून. "हे मी नेऊ देणार नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, हळू. "नोटा कुणाच्याही असू देत. पुस्तक तिचं आहे."

"तुझं पान नाही त्यात," डीलॉय म्हणाला. "तुझा संबंध येतो कुठे?"

"अजून पाठ झालेलं नाही मला," आर्डेथ म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती जागी होती. कदाचित सारा वेळ जागीच होती.

"जाळू नका अजून," ती म्हणाली. "पाठ झालं की न्या."

मार्नेने तिच्यापाशी गुडघे टेकले. आई, ते खरं सोनं होतं गं, बाबांच्या नोटा होत्या त्या, तुला कळलं नाही का, असं ती लहान मुलाशी बोलावं तसं बोलली.

"मला वाचता येतं," आर्डेथ म्हणाली. "लिहिलेलं असतं त्यांच्यावर, किती सोनं ते." मग ती थांबून थांबून, धागा सुटतोय की काय अशी चाचपत, बोलत राहिली. तिला नावं सापडेनाशी झाली, तेव्हा ती थेनला म्हणाली होती, की तू ज्याच्यासाठी साठवलंस तो कठीण काळ आलाय बहुतेक. थेन उठला. मग तळघरात जाऊन डबा घेऊन आला, आणि तिच्या कात्रीला धार लावून दिली. "साधा कागद दिसत नाही मला. हे चमकतं. जो निसटायला लागतो, त्याला लावते. मग बोट बरोबर जातं."

 कळायला सगळ्यांना सारखाच वेळ लागला नाही. केंडलला आधी कळलं. तो खिडकीपासून वळला.

"माझ्या दोनच आहेत, आई."

"तू रोज फोन करतोस. केंडल बोलतोय म्हणतोस. तुला किती लावू?" आर्डेथ हसली. मग तिने नोरीनचा हात आपल्या हातात घेतला, एखादी वस्तू जागच्या जागी आहे ना ते बघावं तसा, आणि पुन्हा खाली ठेवला. "आणि हिला तर पान कशाला?"

नोरीनने एक स्तोत्र मनात सुरू केलं होतं. दुसऱ्या ओळीवर ते थांबलं, आणि पुढे म्हणायची गरज उरली नाही.

मार्ने आपल्या पानांवरची फुलं बघत होती. हिशोब तोच होता, फक्त उलटा झाला होता, आणि आता कुणालाच आपला वाटा मोठा नको होता. डीलॉय जागेवर उभा होता. जाड पाकीट त्याच्या काखेत होतं आणि ते काढून कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

आर्डेथने पुस्तक मांडीवर ओढलं. आज सकाळी पाहुण्यांच्या धांदलीत ते राहून गेलं होतं. तिने पहिलं पान उघडलं आणि बोट लोंबीवरून वर वर नेलं, दाण्यादाण्यावरून, पदवीच्या झग्यातल्या पोराच्या चेहऱ्यापर्यंत.

"हा माझा थोरला," ती म्हणाली. "दातांचा डॉक्टर आहे. दूर असतो, सेंट जॉर्जला. कामात फार असतो, पण गुणी." बोट थांबलं. ओठ हलले. नोरीन श्वास धरून बसली. सांगायचं नाही, असा त्यांचा सकाळचा नियम होता. "डी," आर्डेथ म्हणाली. "डी... लॉय."

तिचा चेहरा उजळला, परीक्षेत पास झालेल्या मुलीचा उजळतो तसा. आपला आनंद कुणाला तरी सांगावा म्हणून तिने मान वर केली. समोर सुटातला, पाकीट धरलेला गृहस्थ उभा होता, ज्याला तिने दुपारी पहिलं ताट वाढलं होतं.

"तुम्ही पण तिकडचेच ना?" तिने अदबीने विचारलं. "माझा डीलॉय तुमच्या ओळखीचा असेल."

डीलॉयने नोरीनकडे पाहिलं. त्याला सूचना हवी होती. नोरीनने काही सांगितलं नाही. मग तो खाली बसला, मार्नेने सोडलेल्या जागी, आईच्या पायांशी, आणि आज पहिल्यांदाच तिच्याशी आवाज न चढवता बोलला.

"थोडाफार," तो म्हणाला.